अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त लागतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते मूळचे उदगीरकडचे, तीन वर्षं हिंजवडीत नोकरी, वाकडला भाड्याचा फ्लॅट, समोरच्या दारातल्या कुटुंबाशी तीन वर्षांत लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे काही झालं नाही, आणि आता कंपनी दीड वर्षासाठी स्टुटगार्टला पाठवतेय, बायको पण सोबत जाणार. त्यांनी लिहिलंय की आमच्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस अर्ध्या तासात सोयरिकीच्या गोष्टी काढतो, पुण्यात कुणी कुणाशी बोलत नाही, आणि जर्मनी तर म्हणे पुण्यापेक्षा थंड, मग तिथे अनोळखी लोकांशी बोलायचं कसं, आणि दिवसभर घरी असणारी बायको एकटी पडेल का.

मी चोवीस वर्षं पुण्यात जर्मन शिकवतेय, त्यातली पंधराएक वर्षं कंपन्यांमधून बाहेर जाणाऱ्या लोकांची तयारी करून घेते, भाषा कमी आणि वागणं-बोलणं जास्त. आणि उलट्या बाजूनेही काम आहे, म्हणजे चाकण, रांजणगावला कामाला आलेले जर्मन आणि जपानी लोक, त्यांच्या बायका, यांना जगण्यापुरतं मराठी शिकवते. त्यामुळे हीच तक्रार मी दोन्ही तोंडांनी ऐकलीय. उदगीरचा माणूस पुण्याला थंड म्हणतो, पुण्याचा माणूस जर्मनीला थंड म्हणतो, आणि माझी एक जर्मन विद्यार्थिनी फिनलंडमधल्या हेलसिंकीहून आल्यावर म्हणाली की तिथले लोक किती गप्प असतात! प्रत्येकाला आपल्या गावची ऊब हीच नॉर्मल वाटते.

तर सगळ्यात आधी हा "थंड" शब्द डोक्यातून काढा, कारण तो एकदा बसला की पुढचं काही दिसत नाही. माझ्या अनुभवात फरक स्वभावाचा फार कमी असतो, फरक असतो निमित्ताचा. अनोळखी माणसाशी तोंड उघडायला निमित्त लागतं का, लागत असेल तर कुठलं चालतं, आणि ते कुठल्या जागी चालतं, एवढंच शिकायचं असतं.

तुमच्याकडे एसटीत निमित्त लागत नाही, शेजारी बसणं हेच निमित्त. "कुठं चाललाव?" पासून सुरू होतं, मग गाव कोणतं, कोणाचे, काय करता, लग्न झालं का, पोरं किती. हे ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं की चौकशी चाललीय, पण खरं तर समोरचा तुम्हाला कुठेतरी बसवायला बघत असतो, ओळखीच्या कोणाशी तरी तुमचा धागा लागतो का ते शोधत असतो. धागा लागला की तुम्ही अनोळखी राहत नाही, डबा उघडतो, भाकरी पुढे येते. नाव नसेल माहीत तरी नातं लावायची सोय आपल्या भाषेत आहेच, काका, मावशी, दादा, ताई, आजी, भाऊ. रिक्षावाल्याला काका म्हटलं की तो वयाने, मानाने कुठे उभा आणि मी कुठे उभी हे एका शब्दात ठरतं. ही सोय किती मोठी आहे ते तिकडे गेल्यावर कळतं, कारण जर्मनमध्ये अनोळखी माणसाला मारायची हाकच नाही! काका नाही, दादा नाही, साहेब नाही. आडनाव माहीत असेल तर हेर अमुक, फ्राउ तमुक, नसेल तर फक्त "एन्शुल्डिगुंग", म्हणजे माफ करा. आमच्या मुलांची, म्हणजे विद्यार्थ्यांची, पहिल्या आठवड्यात जी घुसमट होते ना, ती मला वाटतं निम्मी इथून येते, तोंडात हाक येते आणि ती ठेवायला जागा नसते.

पण एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. "गाव कोणतं, आडनाव काय, कोणाचे तुम्ही" हा प्रश्न सगळ्यांना सारखा उबदार लागत नाही. माझ्या वर्गात बीडकडचा एक मुलगा होता, तो एकदा म्हणाला की मॅडम मला पुणं आवडतं कारण इथे बसमध्ये कुणी आडनाव विचारत नाही, गावाकडे आडनाव सांगितलं की पुढचा माणूस गप्प होतो किंवा सरकून बसतो. मला तेव्हा फार लागलं ते, कारण मी पण इतकी वर्षं एसटीतल्या गप्पांचं कौतुकच करत आले होते. डॉ. आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याबद्दल इतके कडक का बोलले, ते अशा वेळी कळतं. धागा शोधणारा प्रश्न आणि जात शोधणारा प्रश्न, दोन्हींचे शब्द एकच असतात. म्हणून शहरात न विचारणं हा नेहमी कोरडेपणा नसतो, कुणासाठी तरी तो मोकळा श्वास असतो. पुण्यात भाड्याच्या घरासाठी आडनाव विचारणारे आहेतच, पण ते वेगळं दुखणं, आत्ता नको.

आता पुणे. तुम्ही म्हणता इथे कुणी बोलत नाही. मी म्हणेन की इथे निमित्ताशिवाय बोलत नाहीत. रविवारी पहाटे सिंहगड चढून बघा, आतकरवाडीतून. जो माणूस सोसायटीच्या लिफ्टमध्ये मोबाईलमधून मान वर काढत नाही तोच तिथे धापा टाकत विचारतो, "अजून किती राहिलंय हो?" आणि उतरणारा प्रत्येक माणूस तेच सांगतो, "आलंच, दहा मिनिटं." ती दहा मिनिटं कधीच खरी नसतात आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही. जर्मन लोकांमध्ये तर तसा एक अलिखित नियमच सांगतात, की डोंगरात १००० मीटरच्या वर गेलं की अनोळखी माणसालासुद्धा अहो-जाहो सोडून अरे-तुरे करायचं. सिंहगड समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर, म्हणजे त्यांच्या हिशोबाने पण गडावर सगळे अरे-तुरेच. डोंगरात निमित्त आपोआप मिळतं, दम दोघांनाही लागलेला असतो.

तसंच पालखीचं. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या भवानी पेठ, नाना पेठेत मुक्कामाला असतात तेव्हा त्याच पुण्यात "माउली, जरा सरकता का", "माउली, चहा घ्या" असं चाललेलं असतं, वय नाही, बाई-बुवा नाही, आडनाव तर नाहीच, सगळ्यांना एकच हाक. मला ही हाक फार मोलाची वाटते, कारण काका-मावशीत पण लहान-मोठं ठरतं, माउलीत तेही ठरत नाही.

मग रोजच्या पुण्यातलं बोलणं कुठे गेलं? मी यावर बराच विचार केलाय आणि मला वाटतं की आपण बदललो त्यापेक्षा निमित्तं जास्त संपली. पूर्वी पेठेत पत्ता शोधायचा म्हणजे दहा जणांना विचारायला लागायचं, पत्र्या मारुती म्हणजे नारायण पेठेत का, खुन्या मुरलीधर कुठून जवळ, विचारताना दोन उलट प्रश्न यायचे, "कोणाकडे जायचंय?", आणि कधीकधी तर तो माणूस बरोबर चालत यायचा. आता मॅप आहे. बसमध्ये सुट्टे नसायचे, शेजारचा द्यायचा, त्यावरून बोलणं, आता क्यूआर. "ही बस डेक्कनला थांबते का हो" हा प्रश्न तर बसमधल्या निम्म्या ओळखींचा उगम होता, मेट्रोत स्टेशनचं नाव गाडीच सांगते. मला आठवतं, मार्च २०२२ मध्ये मेट्रो नवीन सुरू झाली तेव्हा वनाज ते गरवारे त्या छोट्याशा टप्प्यात सगळा डबा एकमेकांशी बोलत होता, आजोबा लोक तर नातवंडांना दाखवायला आलेले, कारण नवेपणा हेच सगळ्यांचं निमित्त होतं. आता त्याच डब्यात चिडीचूप. माणसं तीच आहेत ना! आणि सोसायटीत पाहुणा आला तर शेजाऱ्याला विचारत नाहीत, गेटवरचं अॅप विचारतं. तुमच्या वाकडच्या मजल्यावर दोन्ही घरांना एकमेकांची गरजच पडू नये अशी सगळी सोय करून ठेवलीय आणि मग आपण म्हणतो लोक बोलत नाहीत.

पाट्यांचं पण सांगते, कारण बाहेरचे लोक त्याची फक्त चेष्टा करतात. पुणेरी पाटी म्हणजे अनोळखी माणसाशी केलेलं बोलणंच आहे, फक्त तोंड न दाखवता. दारासमोर गाडी लावू नये, बेल एकदाच वाजवावी, दुपारी १ ते ४ येऊ नये. ज्याला समोरासमोर नाही म्हणायचं अवघड जातं पण स्वतःची हद्द सांगायची असते तो लिहून ठेवतो. आणि तुम्हाला सांगते, स्टुटगार्टच्या जिन्यात गेलात ना की तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल, कारण तिथे पण नोटिशीच नोटिशी, दार हळू लावा, सायकल इथे ठेवू नये, कपडे धुवायचं मशीन रात्री लावू नये. तो भाग श्वाबन लोकांचा, आणि त्यांच्यात म्हण आहे की ओरडा बसला नाही म्हणजे कौतुक झालं असं समजावं. पुण्यात तीन वर्षं काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

यातूनच तिथला एक धक्का आधीच सांगून ठेवते. रस्त्यात पूर्ण अनोळखी माणूस तुम्हाला टोकेल. सिग्नल लाल असताना रस्ता रिकामा म्हणून तुम्ही पलीकडे गेलात आणि बाजूला लहान मूल उभं असेल तर कुणीतरी आजी नक्की बोलणार. बाटली चुकीच्या डब्यात टाकलीत तर बोलणार. आमची मुलं हे वंशभेद म्हणून घेतात, तसाही अनुभव येतो काहींना, तो वेगळा ओळखू येतो आणि तो गिळायचा नाही. पण बहुतेक वेळा हे टोकणं म्हणजे तुम्हाला आपल्यातलं धरलं असं असतं, सदाशिव पेठेतले आजोबा "गाडी नीट लावा" म्हणतात तसं. उत्तर एकच, "डांकं", म्हणजे थँक्यू, आणि दुरुस्त करायचं. सफाई द्यायची नाही. आपल्याला सवय असते की टोकलं की आधी कारण सांगायचं, "अहो जरा घाई होती म्हणून", तिथे ते भांडण सुरू केल्यासारखं ऐकू येतं.

आता तिथली निमित्तं कुठली. जर्मनीत अनोळखी माणसाशी बोलणं ठरलेल्या वाक्यात होतं आणि ते ठरलेल्या जागी न बोलणं हा उद्धटपणा असतो, हे आपल्या लोकांना अजिबात माहीत नसतं! डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरताना सगळ्यांना मिळून "गुटन टाग" किंवा तुमच्या भागात "ग्र्यूस गॉट" म्हणायचं, मग तासभर कुणाशी बोललं नाही तरी चालतं, पण शिरताना न बोलता बसलात तर दहा जण मनात नोंद करतात. निघताना "आडे" नाहीतर "आउफ वीडरझेएन". छोट्या दुकानात शिरताना तसंच. लिफ्टमधून उतरताना "श्योनन टाग नोख", दिवस छान जावो. बागेतल्या लांब टेबलावर जागा असेल तर "इस्त हिअर नोख फ्राय?", इथे कुणी आहे का, आणि मग बसायचं. दुपारी ऑफिसच्या कॅन्टीनच्या वाटेवर "माल्त्साइट", ज्याचा अर्थ शब्दशः जेवायची वेळ, उत्तर पण माल्त्साइट. आपलं "जेवण झालं का?" तसंच आहे की, त्यात तरी कुठे आपल्याला भाजी कुठली होती ते ऐकायचं असतं.

हा प्रकार जगभर आहे. मालिनोव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ होता, पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिलेला, त्याने १९२३ साली लिहून ठेवलंय की माणसं कितीतरी वाक्यं माहितीसाठी बोलत नाहीत, नुसता बंध राहावा म्हणून बोलतात. चिनी लोक एकमेकांना जेवलास का विचारतात. जपानी शेजारीण विचारते "ओदेकाके देसु का?", म्हणजे बाहेर निघालात वाटतं, आणि उत्तर असतं "चोत्तो सोको मादे", जरा इथपर्यंत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर शहारा आला, कारण हे आमच्या वाड्यातलं "कुठे निघालात?" आणि "हे काय, इथेच जरा", अगदी शब्दाला शब्द! आमची आजी मात्र "कुठे" विचारलं की रागवायची, निघालेल्या माणसाला कुठे म्हणू नये, अपशकुन. आणि जाताना "जाते" नाही म्हणायचं, "येते" म्हणायचं. जपानी बाईंना मी हे शिकवते तेव्हा त्या लगेच वहीत लिहून घेतात, कारण त्यांच्याकडे पण घरातून निघताना जे म्हणतात त्यात जाऊन येणं दोन्ही असतं.

माझीच चूक सांगते. मी पंचविशीत हायडेलबर्गला होते, पहिल्याच महिन्यात ट्रेनमध्ये समोर एक आजी बसल्या होत्या आणि मी आपली चांगुलपणाने विचारायला लागले, एकट्याच निघालात का, मुलं कुठे असतात, बरोबर का नाही आली. त्यांनी दोन उत्तरं दिली आणि मग पर्स उचलून दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसल्या. मी खूप दुखावले, घरी पत्रात लिहिलं की इथे माणुसकी नाही. नंतर कळलं की एकट्या राहणाऱ्या बाईला मुलं का नाहीत बरोबर हा प्रश्न किती जखमेवर बसू शकतो, आणि आपल्याकडे तरी बसत नाही का, बसतो, फक्त आपल्याकडच्या आजी उत्तर देऊन टाकतात. त्याच गावात कोपऱ्यावर बेकरी होती. तिथल्या बाई आठ महिने रोज मला तीच चार वाक्यं बोलायच्या, गुड मॉर्निंग, अजून काही, एवढे झाले, दिवस छान जावो. मी समजत होते हे मशीन आहे. मग मी तापाने आठ दिवस पडून होते, नवव्या दिवशी गेले तर त्या काउंटरच्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही दिसला नाहीत, मी काळजी करत होते. म्हणजे ती चार वाक्यं मोजली जात होती, एकेक दिवस साठत होती आणि मला माहीतच नव्हतं. तेव्हापासून मी मुलांना सांगते, ठरलेली वाक्यं कंटाळा न करता रोज बोला, त्यांना रिकामी समजू नका.

तुमच्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट ही, की आपल्याकडे नवीन बिऱ्हाड आलं की जुने शेजारी चहा घेऊन येतात, तिथे उलटं, नवीन आलेल्याने जाऊन बेल वाजवायची आणि नाव सांगायचं. आमची कितीतरी जोडपी घरात बसून वाट बघत राहिली आणि खालचे-वरचे शेजारी पण म्हणत राहिले की हे लोक भेटायला पण आले नाहीत. पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, दोघांनी मिळून जायचं, नाव, कुठून आलो, कितव्या मजल्यावर, काही त्रास झाला तर सांगा, बस. दोन मिनिटं. आत बोलावलं नाही तर वाईट वाटून घ्यायचं नाही, दारातलं बोलणं पूर्ण बोलणं असतं. दुसरं निमित्त कुरिअरचं, तुम्ही घरी नसलात की पार्सल शेजाऱ्याकडे ठेवून जातात आणि तुमच्या पेटीत चिठ्ठी टाकतात, तुम्ही त्यांचं घ्यायचं, ते तुमचं घेतात. आणि तुमच्या स्टुटगार्टकडची खास गोष्ट म्हणजे केअरवॉखे, जिना आणि अंगण झाडायची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराला छोटी पाटी लटकते, आठवडा संपला की ती पुढच्या दाराला. त्यात हयगय केलीत तर तुमची जर्मन कितीही चांगली असो, उपयोग नाही. नीट केलीत तर जिन्यातच हाय-हॅलो सुरू होतं.

भाषेचं थोडंसं. मराठीत आर्जव वेगळ्या शब्दात नसतं, ते "जरा" मध्ये असतं, "ना" मध्ये असतं, क्रियापदात असतं. "जरा पाणी देता का" यात प्लीज कुठे आहे, पण किती मऊ आहे! तेच आपण शब्दशः तिकडे नेतो आणि "मला कॉफी द्या" असं होऊन बसतं, समोरच्याला हुकूम वाटतो. म्हणून "इख हेटं गेर्न", मला हवी होती, हे पाठच करा, आणि बिट्टं, म्हणजे प्लीज, आणि डांकं जरा जास्तच वापरा. आपल्याकडे दुकानदाराला धन्यवाद म्हटलं तर तोच चपापतो, पण तिथे ते नसलं की भोक पडतं. आणि ऐकताना आपण हं, हो का, अरे वा करत राहतो, जपानी लोक आपल्याहून जास्त करतात, जर्मन माणूस गप्प राहून ऐकतो. फोनवर आपल्या लोकांना वाटतं लाईन कट झाली. झालेली नसते, तो ऐकतोय. फोन उचलल्यावर ते आधी स्वतःचं आडनाव सांगतात, आपण विचारतो "कोण बोलतंय?", तेवढं सोडा.

या गप्पपणाबद्दल एक संशोधन मला नेहमी सांगावंसं वाटतं. २००९ साली दहा भाषांमध्ये मोजलं, एकाचा प्रश्न संपल्यावर दुसरा किती वेळात उत्तर देतो. सरासरी निघाली सेकंदाचा साधारण पाचवा भाग. जपानी सगळ्यात झटपट, डॅनिश सगळ्यात सावकाश, पण सगळ्या भाषा त्या सरासरीच्या पाव सेकंद इकडे-तिकडे! म्हणजे आपण ज्याला केवढा गप्प माणूस म्हणतो तो घड्याळात पाव सेकंद मागे असतो. आपल्याला तेवढा पाव सेकंद पण नकार वाटतो.

अंतराचं पण तसंच, २०१७ चा ४२ देशांचा जवळजवळ ९००० लोकांचा अभ्यास आहे, अनोळखी माणूस किती लांब बरा, त्यात अर्जेंटिनाचे लोक सगळ्यात जवळ आणि रोमानियाचे सगळ्यात लांब निघाले. तुम्हाला एवढंच पुरे की रांगेत हातभर जागा सोडून उभं राहायचं. स्वारगेटला अशी जागा सोडली की कुणीतरी येऊन उभं राहतं, तिथे कुणी राहत नाही, निर्धास्त राहा. लोक कधीकधी रोखून बघतात, त्यात राग नसतो. लहान बाळाला हात लावायचा नाही, कुत्र्याला विचारून लावायचा, आणि कुत्रा हे फार चांगलं निमित्त आहे.

आता बायकोचं, कारण प्रश्नातला खरा काळजीचा भाग तोच आहे असं मला वाटलं. एकटं पडणं होतं, खोटं नाही सांगत, नोव्हेंबरात साडेचार-पाचला अंधार पडायला लागला की जास्त होतं. ज्या बायका सावरलेल्या मी बघितल्यात त्यांनी बाकावर बसलेल्या अनोळखी बाईशी मैत्री नाही केली, त्यांनी दर आठवड्याला त्याच वेळी त्याच ठिकाणी जायचं काहीतरी धरलं. फोल्क्सहोखशूलं म्हणून गावोगावी प्रौढांसाठी वर्ग चालवणाऱ्या संस्था असतात, तिथे भाषा, शिवण, स्वयंपाक, काय वाट्टेल ते. नाहीतर फेराइन, म्हणजे मंडळ, गाण्याचं, चालण्याचं, बागकामाचं. पहिले सहा आठवडे कुणी बोलणार नाही, नंतर एक दिवस कुणीतरी विचारेल की मागच्या वेळी आला नव्हतात का. तिला स्वतःला वर्ग निवडू द्या मात्र, नवऱ्याने नाव नोंदवून दिलेल्या वर्गाला बायका टिकत नाहीत हे मी फार वेळा बघितलंय. आणि बाईने अनोळखी पुरुषाशी बोलावं की नाही हे तिचं तिने त्या जागी ठरवायचं, नको वाटलं तर उठून जायचं, संस्कृती समजून घेण्याच्या नावाखाली काही सोसायचं नाही, ना पुण्यात ना तिकडे.

शिकागोमध्ये केलेला, २०१४ साली छापून आलेला एक प्रयोग आहे, लोकल ट्रेनच्या प्रवाशांना सांगितलं की काही जणांनी शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींनी गप्प बसा. आधी विचारलं तर लोकांना वाटत होतं की बोललो तर प्रवास वाईट जाईल, झालं उलटं, बोललेल्यांचा बरा गेला. नंतर लंडनच्या गाड्यांमध्ये पण तसंच आढळलं. प्रत्येकाला वाटत असतं मी बोलायला तयार आहे पण समोरच्याला नको असेल, आणि समोरचा पण तेच धरून बसलेला असतो. तुमच्या वाकडच्या मजल्यावर हेच चाललंय तीन वर्षं, दोन्ही दारांच्या आड.

म्हणून जायच्या आधी एक करून बघा. तुम्हाला निघायला अजून दोन महिने आहेत असं लिहिलंय. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक वाटी घेऊन समोरचं दार वाजवा आणि विरजण मागा. खरंच संपवून ठेवा आधी, खोटं बोलू नका. विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी वाटी परत करताना रिकामी द्यायची नाही हे तुम्हाला घरी शिकवलेलं असणारच, उदगीरचं काहीतरी घाला त्यात, शेंगदाण्याची चटणी पण चालेल. मग दोन-तीन आठवड्यांनी तुळशीची कुंडी दीड वर्षासाठी कुणाकडे ठेवायची हे त्यांनाच विचारा.